घट्टही आणि सैलही: गुलमर्गमधल्या एका हेल्मेटची तपासणी

पुण्याच्या एक बाई, वय पंचेचाळिशीच्या आसपास, चष्मा, कमरेपर्यंत केस. सह्याद्रीत भटकण्याची सवय, पण बर्फाशी पहिलीच गाठ. गुलमर्गला स्कीइंगच्या बेसिक कोर्सला आमच्या गटातून आल्या होत्या. नाव देत नाही, ताई म्हणू.

दोन तक्रारी होत्या आणि दोन्ही एकमेकींना खोटं पाडणाऱ्या. पहिली अशी की हेल्मेट कानशिलांवर इतकं दाबतं की अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. दुसरी अशी की पडलं की तेच हेल्मेट सरकून गॉगलवर येतं आणि गॉगल नाकावर. भाड्याच्या दुकानात पहिली तक्रार सांगितल्यावर त्यांनी 'मॅडम, बड़ा नंबर दे देता हूँ' म्हणून एम काढून एल दिलं. दाबणं कमी झालं, सरकणं वाढलं. सरकतंय म्हणून प्रशिक्षकाने हेल्मेटची मागची, घट्ट-सैल करायची चकती करकचून आवळली, तर कानशिलं पुन्हा ठणकायला लागली. त्या दिवशी सपाटीलगतच्या अगदी सोप्या उतारावर ताई पाठीवर पडल्या. डोकं जेमतेम टेकलं, पण हेल्मेट पुढे घसरलं आणि गॉगलच्या कडेने नाकाच्या हाडावर वळ उठला. लागलं काहीच नाही म्हणा, पण 'हे घालून पडण्यापेक्षा न घालता पडलेलं परवडलं' असं त्या म्हणाल्या, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं. टोचणाऱ्या हेल्मेटचा खरा धोका हाच असतो की माणूस दोन दिवसांनी ते खोलीवर ठेवून येतो.

डोकेदुखी नेमकी कशाची

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदूरीला, म्हणजे ३,०८० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. विरळ हवेचा त्रास अडीच हजार मीटरनंतर सुरू होऊ शकतो, त्यामुळे इथे कोणाचं डोकं दुखलं की गटातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. ताईंनाही सल्ले मिळाले होते. कोणी डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्या म्हणत होतं, कोणी पाणी कमी पडतंय म्हणत होतं, तर एका काकांच्या मते सकाळचा चहा चुकल्याने पित्त झालं होतं.

हे सगळं शक्य होतं, म्हणून हेल्मेटला हात लावण्याआधी तेवढंच विचारलं: दुखणं कधी सुरू होतं, कुठे होतं, कधी थांबतं? उत्तर स्वच्छ होतं. सकाळी उठल्यावर नसतं. हेल्मेट चढवल्यावर थोड्या वेळात सुरू होतं, दोन्ही कानशिलांवर बोट ठेवून दाखवता येतं, आणि जेवायला हेल्मेट काढलं की ताट संपेपर्यंत गेलेलं असतं. मळमळ नाही, झोप नीट. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहेरून पडणाऱ्या दाबाच्या डोकेदुखीला वेगळी जागा आहे, आणि तिची लक्षणं हीच आहेत: दाब सुरू झाल्यापासून तासाभरात दुखायला लागणं, दाबाच्या जागीच सर्वांत जास्त दुखणं, आणि दाब गेला की तासाभरात थांबणं. उंचीची डोकेदुखी अशी वेळ पाळून येत-जात नाही. डायमॉक्सचा विषय तिथेच मिटला.

टेप

'ताई, आधी टोपी काढा.'

'अहो, पण थंडी किती आहे!'

टोपी म्हणजे अस्सल लोकरीची माकडटोपी, घरची विणलेली. ती काढली तर खाली अंबाडा, अंबाड्यात क्लचर. दुकानात माप घेतलं होतं ते या सगळ्यावरून. टेप ५८ सेंटीमीटर दाखवत होती, म्हणून ५५ ते ५९ चा एम दिला. हिशोबाने दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं, फक्त मोजलं होतं ते टोपीला.

केस मोकळे सोडून पुन्हा माप घेतलं. टेप भुवईच्या वर दोन-अडीच सेंटीमीटर, कानांच्या वरून, मागे जिथे डोकं सर्वांत बाहेर येतं तिथून फिरवायची, आणि आडवी सरळ आहे ना हे दुसऱ्या कोणी तरी बाजूने बघायचं. एकट्याने आरशात बघून घेतलेलं माप मागच्या बाजूला हमखास खाली उतरतं. ताईंचं खरं माप भरलं साडेपंचावन्न.

अडीच सेंटीमीटरचा फरक ऐकून त्यांना पटेना, इतकी काही टोपी जाड नाही म्हणाल्या. पण वर्तुळाचं साधं गणित आहे. चार मिलिमीटर जाडीचा थर डोक्याभोवती आला की घेर दोन गुणिले पाय (π) गुणिले चार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच सेंटीमीटर वाढतो. हेल्मेटच्या नंबरांमध्ये साधारण चार सेंटीमीटरचं अंतर असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त टोपीनेच खाल्लं. शिवाय लोकर दबते. सकाळी दुकानात घट्ट बसलेलं हेल्मेट तासाभरात घामाने आणि दाबाने लोकर चेपली की सैल होतं, मग चकती आवळायची, मग अजून चेपतं. माकडटोपीवर माझा राग नाही, संध्याकाळी बाजारात फिरायला तिच्यासारखी टोपी नाही. हेल्मेटखाली मात्र पातळ, ताणली जाणारी, शिवण डोक्यावर न येणारी टोपी किंवा बालाक्लाव्हा (डोकं-मान झाकणारा पातळ टोपरा) हवा, आणि तोही माप घ्यायच्या आधी घातलेला नसावा, हेल्मेट घालून बघताना घातलेला असावा.

इथपर्यंत एवढंच कळलं की एल तर नव्हेच, एमसुद्धा ताईंना खालच्या टोकाला बसतो. मग घट्ट का होत होतं?

आकार

घेर सारखा असलेली दोन डोकी वेगळ्या घडणीची असू शकतात. एक पुढून मागे लांबट, दुसरं बाजूंना रुंद. टेपला दोघांत फरक दिसत नाही. तो बघायला ताईंना भिंतीला डोकं टेकवून उभं केलं, कपाळाला एक जाड पुस्तक लावून भिंतीपासूनचं अंतर घेतलं: १८.१ सेंटीमीटर. मग दोन्ही बाजूंना कानांच्या वर दोन पुस्तकं लावून मधलं अंतर घेतलं: १५.४. रुंदी लांबीच्या ८५ टक्के. ८० च्या वर गेलेलं डोकं मानवशास्त्राच्या जुन्या मोजणीत रुंद समजतात. म्हणजे ताईंचं डोकं चांगलंच गोल.

आता हेल्मेट उलटं करून खालून आत बघितलं. पोकळी लांबट अंड्यासारखी, बाजूंना चिंचोळी. गोल डोकं अशा पोकळीत घातलं की दोन्ही कानशिलं अडकतात, पण कपाळापुढे आणि मागे फट राहते. एवढंच नाही, बाजूंना अडकल्यामुळे हेल्मेट पूर्ण खालीही उतरत नाही, डोक्यावर तरंगत राहतं. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असण्याचं कारण हे होतं. बाजूंनी दाबत होतं, पुढे-मागे डुलत होतं. (लांबट डोक्याच्या माणसाला गोल हेल्मेट दिलं की उलटं होतं: कपाळावर लाल वळ आणि बाजूंना बोट जाईल एवढी मोकळी जागा.)

अशा वेळी मोठा नंबर देणं हा दुकानदारांचा सगळीकडचा उपाय आहे, आणि माझ्या मते हेल्मेटच्या बाबतीत याहून वाईट उपाय दुसरा नाही. मोठ्या नंबरात बाजूंची जागा थोडी वाढते, पण पुढची-मागची फट तितकीच किंवा जास्त वाढते. दुखणं कमी झालं म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि पडल्यावर हेल्मेट जागेवर राहत नाही. एका जागी टोचत असेल तर नंबर बदलायचा नाही, मॉडेल बदलायचं. सगळीकडून सारखं दाबत असेल तरच नंबर वाढवायचा.

हेल्मेटचे साचे बरीच वर्षं युरोप-अमेरिकेतल्या डोक्यांवर बेतले गेले. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या साइझ-चायना प्रकल्पात चिनी माणसांची डोकी त्रिमितीय स्कॅन करून मोजली, तेव्हा ती पाश्चात्त्य डोक्यांपेक्षा सरासरीने गोल आणि कपाळाला व मागे चपटी असल्याचं दिसलं. आता काही कंपन्या 'एशियन फिट' किंवा 'राउंड फिट' अशी वेगळी हेल्मेटं काढतात. आपण आशियात राहतो म्हणून आपल्याला तेच बसेल असं समजू नये. आमच्याच गटात ताईंच्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांना ते लांबट हेल्मेट मापून शिवल्यासारखं बसलं.

मागे काय होतं

आकाराइतकाच मोठा गुन्हेगार अंबाडा निघाला.

डोक्याच्या मागे, मानेच्या थोडं वर, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. हेल्मेटच्या आत मागे चकतीला जोडलेली जी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती या उंचवट्याच्या खाली जाऊन त्याला मिठी मारते. हेल्मेट पुढे घसरू नये याची अर्धी जबाबदारी त्या पकडीवर असते, उरलेली हनुवटीखालच्या पट्ट्यावर. ताईंचा अंबाडा बरोबर त्या उंचवट्यावर होता. पट्टी खाली पोचतच नव्हती, अंबाड्यावर बसून होती. अंबाडा हेल्मेटला मागून उचलत होता आणि त्यामुळे पुढची कड भुवईवर, म्हणजे गॉगलवर उतरत होती. पाठीवर पडल्यावर अंबाडा जमिनीला टेकला आणि त्याने हेल्मेट पुढे ढकललं. नाकावरचा वळ तिथून आला.

क्लचरबद्दल तर बोलायलाच नको. कडक प्लॅस्टिकचे दात असलेली वस्तू डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये ठेवून कोणी पडू नये. चिमटे, यू-पिना, मोठी कानातली, सगळं खोलीवर. उपाय साधा: मानेपासून खाली सुरू होणारी एक सैल वेणी, जाकिटाच्या आत. दोन वेण्या घातल्या तरी चालतं, दोन्ही खाली हव्यात. उंच पोनीटेल नको.

तिसरा वाटेकरी चष्मा. ताईंच्या चष्म्याच्या काड्या रुंद प्लॅस्टिकच्या होत्या, आणि आधी चष्मा, मग टोपी, मग हेल्मेट असा क्रम होता. म्हणजे काडी लोकरीखाली दाबून बसायची आणि कानशिलावरचा अर्धा ठणका तिचाच. क्रम बदलला: आधी हेल्मेट, मग काड्या कानपट्टीच्या अस्तराखालून अलगद सरकवायच्या. त्यांच्याकडे वाचायचा जुना, तारेसारख्या काड्यांचा चष्मा नव्हता, नाही तर तोच वापरा म्हटलं असतं.

ढिगातून निवड

दुकानात परत गेलो. मागच्या बाजूला वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापरलेल्या हेल्मेटांचा ढीग होता. आधी ती उलटी करून ओळीने मांडली आणि ज्यांची पोकळी गोलसर दिसली तेवढीच बाजूला काढली. मग त्यांची अस्तरं ओढून काढली. अस्तर बहुतेकदा वेल्क्रोवर असतं, सहज निघतं. खाली असतो तो पांढरा किंवा काळा फोम म्हणजे आपला थर्माकोलच, दाट केलेला. डोकं आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का गिळतो, पण एकदाच. चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही. बाजूला काढलेल्यांपैकी एकात मागच्या बाजूला केसासारखी चीर होती. अंगठ्याने दाबलं की तिच्या कडा एकमेकींपासून हलत होत्या. बाहेरून कवच चकाचक. ते परत ढिगात जाऊ नये म्हणून दुकानदाराच्या हातात दिलं आणि चीर दाखवली. त्याने ते काउंटरखाली ठेवलं, पुढचं मला माहीत नाही.

आतलं लेबलही बघितलं. युरोपीय प्रमाण ईएन १०७७, अमेरिकी एएसटीएम एफ २०४०. यातलं एक तरी हवं. ईएनमध्ये ए वर्ग कानांसह जास्त भाग झाकतो, बी वर्ग कमी झाकतो पण ऐकू चांगलं येतं. शिकणाऱ्याला दोन्ही चालतात. याच वेळी गटातल्या एकाने विचारलं की मी स्कूटरचं हेल्मेट आणलंय, ते का नाही? दुचाकीचं हेल्मेट त्याच्या कामासाठी उत्तम, पण जड, ऐकू येत नाही आणि त्यावर स्कीचा गॉगल नीट बसत नाही. प्रस्तरारोहणाचं हेल्मेट मुख्यतः वरून पडणाऱ्या दगडासाठी असतं. बर्फावर डोकं मागून आणि बाजूने आपटतं.

दोन हेल्मेटं उरली. त्यातल्या एकात, ५४ ते ५८ मापाच्या, ताईंनी डोकं घातलं आणि 'अरे, हे खाली उतरलं' म्हणाल्या. तो शब्द ऐकायला मी थांबलो होतो.

बसवणं असं केलं. पातळ टोपी, वेणी खाली. चकती पूर्ण सैल. हेल्मेट चढवलं, पट्टा न लावता. चकती सैल असतानाच ते बऱ्यापैकी जागेवर राहायला हवं, कारण चकतीचं काम शेवटचा मिलिमीटर भरून काढणं आहे, चुकीचा नंबर बरोबर करणं नाही. मग चकती, सगळीकडून हलका, सारखा दाब येईपर्यंत. मग हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवलं. बघायचं कपाळाकडे: कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. ताईंच्या भुवया हेल्मेटबरोबर वर जात होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. एलमध्ये हेच केलं होतं तेव्हा कपाळ शांत होतं आणि हेल्मेट त्याच्यावरून फिरत होतं. ज्या हेल्मेटांत मिप्स नावाचा सरकणारा पातळ थर असतो, त्यांत कवच दहा-पंधरा मिलिमीटर आतल्या थरावर हलतं; ती त्याची रचना आहे, सैलपणा नाही. अशा वेळी कवच नव्हे, अस्तर कपाळावर सरकतंय का ते बघायचं.

पट्टा हनुवटीखाली, एक बोट जाईल इतका. जांभई देतो तसं तोंड उघडल्यावर हेल्मेट टाळूवर खाली ओढलं गेलेलं जाणवलं पाहिजे. आणि शेवटची, माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची परीक्षा: मागच्या कडेला हात घालून हेल्मेट पुढे उलथवायचा प्रयत्न करायचा, जरा जोर लावूनच. प्रयोगशाळेतही याच प्रकारची चाचणी घेतात. डोळ्यांवर आलं तर नापास. ताईंचं बोटभर हललं आणि थांबलं.

मग मी त्यांना हेल्मेट काढू दिलं नाही. समोरच्या टपरीवर कहवा घेतला, वीसेक मिनिटं गप्पा मारल्या. दाबाची जागा पहिल्या दोन मिनिटांत कधीच बोलत नाही. डाव्या कानशिलावर थोडं टोचत राहिलं. अस्तरातली तिथली गादी सुटी होती, तिच्याऐवजी दुसऱ्या हेल्मेटातली पातळ गादी लावली आणि टोचणं गेलं. दुकानातल्या पोऱ्याने त्याआधी चमच्याने आतला फोम जरासा दाबून देतो असं सुचवलं होतं. मदत करण्याच्याच इच्छेने, पण हे कधीही होऊ देऊ नये. अस्तर बदलता येतं. थर्माकोल तासला किंवा दाबला की ज्या जागी धक्का झेलायचा तिथलंच भांडवल खर्च होतं.

गॉगल

हेल्मेट जमलं आणि गॉगल बिनसला. ताईंचा गॉगल मोठ्या फ्रेमचा होता, त्याची वरची कड हेल्मेटला भिडून गॉगल खाली ढकलला जाई आणि नाकपुड्या दाबल्या जात. गॉगल आणि हेल्मेटमध्ये फट राहिली तर कपाळावर वारा लागून डोकं धरतं. दोघांची टक्कर झाली तर श्वास कोंडतो. दुकानातून चष्म्यावरून घालायचा, पण उंचीला लहान असा गॉगल मिळाला. त्याच्या फोममध्ये काड्यांसाठी खाचा होत्या. त्याचा पट्टा हेल्मेटच्या बाहेरून, मागच्या क्लिपमध्ये. गॉगल आणि हेल्मेट एकत्र घालून बघितल्याशिवाय दोन्हींपैकी काही घेऊ नये, विशेषतः ऑनलाइन.

किती भरवसा ठेवायचा

ताईंच्या यजमानांनी संध्याकाळी फोनवर विचारलं, त्या फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरने तर स्कीइंग करताना हेल्मेट घातलं होतं ना? घातलं होतं, डिसेंबर २०१३ मध्ये फ्रान्समधल्या मेरीबेलला खडकावर डोकं आपटलं आणि हेल्मेट फुटलं. ईएन १०७७ च्या चाचणीत हेल्मेट दीड मीटरवरून पाडतात, म्हणजे आपटताना वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास. अमेरिकी चाचणीत दोन मीटर, वेग साडेबावीस. वेगाने जाऊन झाडावर किंवा खडकावर आदळण्याचं वचन कोणतंही हेल्मेट देत नाही. पण शिकणारी माणसं पडतात ती सावकाश, उभ्याची आडवी होऊन, आणि नेमका तोच पल्ला हेल्मेटचा आहे. २००६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये डोक्याच्या दुखापतीचा धोका ६० टक्क्यांनी कमी दिसला होता. इटलीने २००५ मध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना, २०२२ मध्ये १८ खालच्या सगळ्यांना आणि २०२५ मध्ये सर्व वयाच्या लोकांना हेल्मेट सक्तीचं केलं. यजमानांना मी एवढंच सांगितलं की डोक्यावर राहिलं तर उपयोग.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी ताई भरपूर पडल्या. कोर्सच्या त्या टप्प्यावर पडणं हाच अभ्यासक्रम असतो. हेल्मेट जागेवर राहिलं, जेवायच्या सुट्टीत काढल्यावर कपाळावर सगळीकडे सारखा, फिकट गुलाबी ठसा होता. एकाच जागी गडद लाल असता तर पुन्हा ढिगाकडे जावं लागलं असतं. कानशिलांच्या ठणक्याचं त्यांनी नाव काढलं नाही, गुडघ्यांचं काढलं.

कोर्सच्या मध्यावर हेल्मेट थोडं हलतंय असं वाटलं. अस्तर दबून बसतं, तेवढं अपेक्षितच असतं. चकती दोन खटके पुढे घेतली आणि मागे अजून किती खटके शिल्लक आहेत ते मोजायला सांगितलं. निम्म्याहून जास्त होते, म्हणजे ठीक. संपत आले असते तर ते हेल्मेट मुळातच मोठं ठरलं असतं.

परत निघताना त्यांनी स्वतःचं हेल्मेट घ्यायचं ठरवलं. मी दुजोरा दिला. स्की आणि बूट भाड्याने घ्यावेत, हेल्मेट मात्र आपलं असावं, कारण त्यावर आधी कोण किती जोरात पडलंय हे ढीग सांगत नाही. वहीत त्यांना तीन आकडे लिहून दिले: घेर ५५.५, लांबी १८.१, रुंदी १५.४. दुकानदार पहिलाच आकडा विचारेल, उरलेले दोन आपण होऊन सांगा म्हटलं, आणि घरपोच मागवलं तर लेबल फाडण्याआधी वेणी घालून, चष्मा लावून, टीव्हीवरची एक मालिका संपेपर्यंत डोक्यावर ठेवा.